दस्तगीरच्या फ्रिजमधले डॅफोडिल

दस्तगीर,

तुला जाऊन आता अडीच महिने होत आले. एवढ्या दिवसांत मनातल्या मनात तुझ्याशी इतकं बोललोय, की लिहायला नवीन काही उरलं नसेल असं वाटलं होतं. पण पहिल्याच ओळीला अडलो. डॅफोडिलचं काय झालं ते आधी सांगू, की मी काय केलं ते आधी सांगू? तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, आधी फॉल्ट सांग. बाकीचं चहा पिताना बोलू."

तर फॉल्टच सांगतो. फक्त त्यासाठी अडीच वर्षं मागं जावं लागेल.

माझा भाचा फौजेत. गणपतीच्या सुट्टीला येताना त्यानं श्रीनगरहून डॅफोडिलचे वीस कंद आणले. दिसायला थेट कांदे, तपकिरी, पातळ सालीचे. मी हायस्कुलात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेला माणूस. ऐटीत आठ कंद मागच्या अंगणात, नारळाजवळ लावून टाकले. पंधरा दिवसांत आठही कुजले. भाद्रपदात आपल्याकडची जमीन कधी वाळते? उकरले तेव्हा हाताला बुळबुळीत लगदा लागला.

त्याच आठवड्यात आमचा फ्रिज गार करेना म्हणून तू आलास. म्युन्सिपाल्टीच्या शाळेत आपण एका बाकावर. नववीत तू शाळा सोडून फ्रिजदुरुस्ती शिकायला गेलास आणि मी शिकत शिकत मास्तर झालो. त्यानंतर तू मला नावानं कधी हाक मारली नाहीस. तर त्या दिवशी फ्रिजचा भाजीचा डबा बाहेर काढून तू म्हणालास,

"हे कांदं फ्रिजात कशाला ठिवलास?"

"कांदे नव्हेत. डॅफोडिल. फुलझाड आहे."

"म्हंजे नर्गिस."

"नर्गिस वेगळी असेल."

"न्हाय गा. आमच्या उर्दूत नर्गिसच म्हणत्यात ह्याला."

तू गेल्यावर मी पुस्तक उघडून बघितलं. तुझंच खरं निघालं, दोन्ही एकाच घराण्यातली. ते मी तुला कधी सांगितलं नाही. बघ, इथूनच सुरुवात होते.

मी तुला समजावलं होतं, की या कंदाला गारवा लागतो. बारा-चौदा आठवडे सलग. तो मिळाला नाही तर नुसती पानं येतात. आपल्याकडं तसली थंडी कुठली?

"गारवा म्हंजे किती?" तू विचारलंस.

"पाच-सात डिग्री."

हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून तू माझ्याकडं बघत राहिलास. "मग अडचण काय हाय मास्तर? मी जल्मभर दुसरं काय केलंय? आंबं गार केलं, दूध गार केलं, सरकारी दवाखान्यात मयतंसुदिक गार ठिवली. ह्या नर्गिसनं काय घोडं मारलंय?"

उरलेले बारा कंद आमच्याच फ्रिजात राहिले. डिसेंबरात आपण ते कुंड्यांत लावले. पानं अशी आली, की शेजारच्या काकूंनी कांद्याची पात म्हणून मागितली. फूल मात्र एकालाही नाही. मी लगेच निकाल देऊन मोकळा झालो, की हवामान वेगळं आहे, इथं होणार नाही. तू मात्र एक कंद उपटलास, ब्लेडनं उभा चिरलास आणि खिडकीपाशी उजेडात नेलास. आत मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी वाळकी, कागदासारखी कळी होती.

"फूल धरलंतं की. आत येऊन मेलंय. म्हंजे गारव्याचा फॉल्ट न्हवं हा. डब्यात आणिक काय काय हुतं?"

मी आठवून सांगितलं. सफरचंदं, पेरू, चिकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी करायच्या आधीच ओरडत आलास. मार्केट यार्डातल्या फळवाल्यांची कोल्ड स्टोरेज तू दुरुस्त करायचास. तिथं सफरचंदाच्या खोलीत दुसरं काही ठेवू देत नाहीत. "एक पिकाय लागलं की शेजारच्याला लावतंय. वास सोडतंय कसला तरी. त्यानंच मारली कळी!"

इथिलीन. दस्तगीर, तो वायू मी तीस वर्षं शिकवला. फळं कशी पिकतात, दोन मार्कांचा हमखास प्रश्न. आणि माझ्या घरच्या डब्यात, माझ्याच नाकासमोर तो काय करतोय हे मला नववी सोडलेल्या माणसानं सांगितलं. मी म्हणालो, "शक्यता आहे." एवढंच म्हणालो.

पुढच्या वर्षी भाच्यानं आणखी वीस कंद पाठवले. तू दुकानातला एक जुना फ्रिज खास त्यांच्यासाठी मोकळा केलास. सोळा तिथं ठेवलेस आणि चार मला दिलेस.

"हे तुझ्याकडं ठिव. सफरचंदाशेजारी. दोन्हीकडं काय हुतंय बघायचं. न्हायतर फूल आल्यावर तू म्हणशील योगायोग."

विज्ञानाचा प्रयोग कसा करावा यावर मी वर्गात किती बोललो असेन. तू तो न शिकता करत होतास. त्या चार कंदांची खाकी पिशवी अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. डॅफोडिलचा कंद विषारी असतो हे तुला मीच सांगितलं होतं, म्हणून तू पिशवीवर जाड बॉलपेननं लिहिलं होतंस: विष. खायचं न्हाय.

आता फॉल्ट.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी फ्रिज उघडला तर भाजीच्या डब्यात पाणी साचलेलं. पिशवी भिजून फाटली होती. मी ती कचऱ्यात टाकली, कंद पुसले आणि वाळायला म्हणून ओट्यावरच्या परडीत ठेवले. परडी कांद्यांची होती. पाच मिनिटांचं काम, असं मनात होतं. तेवढ्यात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचं म्हणून एका सहकाऱ्याचा फोन आला आणि मी चपला घालून बाहेर पडलो.

सुनंदानं दुपारी स्वतःपुरता झुणका केला. कांदा कडू निघाला म्हणून चिमूटभर साखर घातली आणि चार घास खाल्ले. मी परत आलो तेव्हा माझी बायको मोरीपाशी भिंतीला धरून बसली होती. उलट्या थांबत नव्हत्या, तोंडातून लाळ गळत होती. परडीत दोनच कंद उरले होते. ते बघितलं आणि मी रिक्षा आणायला धावलो.

दवाखान्यात तपासायला आला तो डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. "सर, बाईंनी काय खाल्लं?" मी सांगितलं. "डॅफोडिलचा कंद? तो स्वयंपाकघरात कसा आला सर?"

तिथं सुनंदाचा भाऊ उभा होता. दारात तू उभा होतास, हातात हेल्मेट. फोन मीच केला होता तुला, रिक्षात बसल्या बसल्या. दुसरं कुणाचं नाव सुचलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "दस्तगीरनं दिले होते. विषारी आहेत असं त्यानं पिशवीवर लिहायला पाहिजे होतं."

सगळे तुझ्याकडं वळले. तूही माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. मग खाली मान घालून म्हणालास, "व्हय. चुकलं माझं. लिवायचं ऱ्हायलं."

सुनंदाच्या भावानं तुला कॉरिडॉरमध्ये काय काय सुनावलं ते मी आतून ऐकत होतो. तुझा आवाज एकदाही आला नाही. सुनंदा दुसऱ्या दिवशी घरी आली, आठवडाभरात हिंडूफिरू लागली. तू त्याच आठवड्यात येऊन उरलेले दोन कंद घेऊन गेलास आणि म्हणालास, "तुझ्याकडं नको आता." तेवढंच. त्या विषयावर आपल्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य.

त्यानंतर सुनंदा तुझ्यासमोर चहाचा कप ठेवायची आणि आत निघून जायची. पूर्वी तुझ्याशी तासभर गप्पा मारणारी बाई. तू कप उचलायचास, संपवायचास, "वैनी, चाललो," असं आतल्या दाराला सांगायचास. वर्षभर मी हे बघितलं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, आता इतके दिवस झाले, आता कशाला.

आणि तू माझ्याशी पूर्वीसारखाच वागत होतास, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

दवाखान्यानंतरच्या जानेवारीतच तुझा फोन आला होता. "मास्तर, ये बघू लौकर. कळीनं मान टाकलीय. मरतंय काय?" तुझ्या गच्चीवर सोळापैकी अकरा कुंड्यांत कळ्या. आदल्या दिवसापर्यंत ताठ उभ्या असलेल्या, आता देठाशी वाकलेल्या. मी म्हणालो, पाणी जास्त झालं. तू दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टूल टाकून कुंडीसमोर बसलास. उन्हाची टोपी घालून, गिऱ्हाइकांचे फोन न उचलता. अकराच्या सुमाराला एकीचं वरचं पातळ सालपट तडकलं आणि आतनं पिवळं दिसलं. मान टाकणं ही तिची उमलायची तयारी होती. तेही मला ठाऊक नव्हतं. शमाभाभी, तुझी घरवाली, खालून ओरडत होती, "जेवायला येताय का तिथंच ताट आणू?" आणि तू म्हणत होतास, "गप गं, हालतंय ते."

चार-पाच दिवसांत ऊन लागून फुलं कोमेजली. आणि तिथं आपला खरा वाद लागला. मी म्हटलं, आता टाकून दे. डोंगरातला कंद, इथल्या उन्हात त्याचं पोट भरत नाही, पुन्हा फूल येणार नाही. पुस्तकात तसंच लिहिलंय.

"एकदा चाललंय म्हंजे परत चालंल की."

"झाड म्हणजे फ्रिज नव्हे दस्तगीर."

"आणि फ्रिज म्हंजे झाड न्हवं हे तुला कुणी सांगितलं? त्यालाबी जीव लावावा लागतोय."

तू कुंड्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओढल्यास, भोवती ओली पोती बांधलीस आणि मार्च उलटेपर्यंत पानं हिरवी राखलीस. मग पिवळी पडली तेव्हा ते अकरा कंद काढून दुकानात जाळीत टांगलेस. गणपतीत पुन्हा फ्रिजात ठेवलेस. "तीन म्हैनं थांब मास्तर," म्हणालास.

दोन महिने झाले होते. मुरगूडला एका दूध डेअरीचा कूलर दुरुस्त करून आलास, जेवलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत संपलं होतं. कब्रस्तानात मी तीन मुठी माती घातली. तेव्हासुद्धा, खरं सांगतो, मनात हेच होतं, की आता सांगायचं राहिलं.

तू गेल्यावर महिन्याभरानं शमाभाभीचा फोन आला. दुकान रिकामं करायचं होतं. "भाऊजी, त्या फ्रिजातल्या कांद्यांचं काय करू? तुमचंच कायतरी हाय ना ते?"

मी गेलो. भाभीनं फ्रिज उघडला. आत तीन खाकी पिशव्या, दुसरं काही नाही. तिन्हींवर तुझं अक्षर. विष. खायचं न्हाय. पोरांच्या हाताला लागू देऊ नये.

भाभीनं एक पिशवी हातात घेतली. "बघा. एकदा चूक झाली, तवापासनं किती जपायला लागलं हे माणूस."

मला गप्प राहता आलं असतं, दस्तगीर. पिशव्या उचलून घरी यायचं होतं फक्त.

"भाभी," मी म्हणालो, "पयल्या पिशवीवरबी असंच लिवलंतं. भिजून फाटली म्हणून मीच कचऱ्यात टाकली ती. कंद कांद्यात मी ठेवलं. दस्तगीरची कायबी चूक न्हवती."

भाभीला समजायला वेळ लागला. मग खुर्ची ओढून ती बसली.

"मला सांगितलंतं लिवायचं ऱ्हायलं म्हणून," ती म्हणाली. "घरात येऊन मलाबी तेच सांगितलं. मी किती बोलले त्यांना. दुसऱ्याच्या घरात विष नेऊन दिलंसा, अक्कल कुठं गेलती म्हटलं. आठ दिवस धड बोलले न्हाय मी. एकदाबी तोंड उघडलं न्हाय हो त्यांनी."

घरातसुद्धा. तुझ्या स्वतःच्या घरातसुद्धा तू माझं खोटं सांभाळलंस. ते ऐकून मी रडलो, आणि रडताना मला थोडं हलकं वाटलं. भाभीनं ते बघितलं.

"तुम्ही बोलून मोकळं झालासा भाऊजी," ती म्हणाली. "आता मी काय करू? मी कुणाला माफी मागू?"

तिनं पिशव्या माझ्या हातात दिल्या नाहीत. आपल्या पिशवीत घातल्या, शटर ओढायला सांगितलं आणि निघून गेली.

संध्याकाळी सुनंदाला सांगितलं. ती शेंगदाणे निवडत होती, निवडायची थांबली. मला वाटलं चिडेल, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "शेवटी आले होते तेव्हा पाण्याचं विचारलं नव्हतं मी त्यांना." दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच तुझ्या घरी गेली आणि दुपार कलल्यावर आली. दोघी काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही. विचारायची फार इच्छा झाली. मला सगळ्याच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात, तुला माहीत आहे. या वेळी नाही विचारलं.

तू गप्प का बसलास, याचा मात्र मी रोज विचार करतो. कधी वाटतं, समोर माझा विद्यार्थी होता; त्याच्यापुढं जीवशास्त्राच्या मास्तरानं स्वतःच्या बायकोला विष घातलं असं व्हायला नको, असं तुला वाटलं असेल. कधी वाटतं, सुनंदानं मला माफ केलं नसतं याची तुला भीती वाटली असेल. मग तुझी एक जुनी गोष्ट आठवते. लोक फ्रीजरमधला बर्फ सुरीनं खरवडतात, सुरी आत घुसते, गॅस निघून जातो. तुला बोलावून सांगतात, "आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." तुला सुरीचं भोक समोर दिसत असायचं. मी एकदा विचारलं होतं, त्यांना तोंडावर सांगत का नाहीस? तू म्हणालास, "सांगून काय भोक बुजतंय व्हय? त्यास्नी ठावं असतंयच की."

मला ठाऊक होतंच. तुझं एवढंच म्हणणं असेल, तर ते फार जड आहे रे. तू भांडला असतास तर बरं झालं असतं.

आता डॅफोडिलचं.

डिसेंबराच्या अखेरीस भाभीनं आणि सुनंदानं मिळून ते अकरा कंद तुझ्या गच्चीवर लावले. किती खोल, माती कसली, हे भाभीनं सुनंदाकरवी मला विचारलं आणि मी सुनंदाकरवी सांगितलं. मला गच्चीवर कुणी बोलावलं नाही. बातम्या मात्र यायच्या. कोंब आले. अकराच्या अकरा आले. पानं वीतभर झाली. मग पंधरा दिवस काहीच नाही. मी रोज सुनंदा आली की तिच्या तोंडाकडं बघायचो, आणि ती मान हलवायची. मला कळेना, मी कोणत्या निकालाची वाट बघतोय. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक खोटं ठरावं असं वाटत होतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुनंदा चप्पल काढता काढता म्हणाली, "एक आलंय."

अकरात एक. देठ आखूड, फूल गेल्या वर्षीच्या निम्म्यानं. तू असतास तर त्या एकाच्या जोरावर जिंकलो म्हणून पेठभर सांगत सुटला असतास. मी दहांच्या जोरावर तेच केलं असतं. आणि खरं विचारशील तर मला अजून कळत नाही, की त्या एकालाच का आलं. त्याची कुंडी टाकीच्या अगदी जवळ होती म्हणून? त्याचं पोट आधीच मोठं होतं म्हणून? हे कुणाशी बोलू मी? सुनंदाला यात गोडी नाही, पुस्तकात याचं उत्तर नाही.

गेल्या रविवारी भाभीनं निरोप पाठवला, गच्चीवर या.

मी गेलो तेव्हा फूल वाळून गेलं होतं. तपकिरी चिंध्या देठाला लोंबत होत्या. म्हणजे उमललेलं फूल तिनं मला दाखवलं नाही. तो तिचा हक्क होता. आम्ही दोघं कुंडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. दुकानातल्या त्या दिवसानंतर भाभी माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

कुंडीकडंच बघत ती म्हणाली, "भाऊजी, आता पाणी किती घालायचं?"

मी सांगितलं. वाळलेलं फूल तेवढं खुडायचं, देठ आणि पानं ठेवायची. माती कोरडी लागली की घालायचं, साचू द्यायचं नाही. ऊन चढलं की पोती ओली करायची. पानं आपणहून पिवळी पडेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही.

"किती दिस?"

"दीड-दोन म्हैनं, भाभी."

तिनं पदर खोचला, खाली बसली आणि बोटानं माती दाबून बघितली. मी नळाकडं गेलो आणि बादली भरायला लावली.